आंतरजालावरची विनामूल्य विद्या

शाळा-महाविद्यालय सुटल्यावरही ज्याला शिकत राहायचे आहे त्याच्यासाठी आंतरजालावर चार मोठे साठे खुले आहेत : जुने ग्रंथ, कोश, विद्यापीठांतील व्याख्याने आणि हाताने करून पाहायचे उपक्रम. हे साठे एका संस्थेने किंवा एकाच हेतूने उभे केलेले नाहीत. कुठे एखाद्या माणसाचा ध्यास आहे, कुठे सरकारी अनुदान, कुठे विद्यापीठाची गंगाजळी, तर कुठे गुंतवणूकदारांचे भांडवल. एखादे साधन कोणाच्या पैशावर चालते यावर ते किती काळ मोफत राहील हे ठरते. ते शिकणाऱ्याकडून काय करवून घेते यावर त्याचा उपयोग ठरतो. पुढील पानांत प्रत्येक साधन याच दोन कसोट्यांवर पारखले आहे.

ग्रंथ

सर्वांत जुना साठा ग्रंथांचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याला 1971 मध्ये विद्यापीठाचा मोठा संगणक वापरण्याची मुभा मिळाली. त्या काळी संगणकाचा वेळ फार महाग होता. हार्ट यांनी तो आकडेमोडीत न घालवता 4 जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा असा ठेवून दिला. प्रोजेक्ट गुटेनबर्गचा हा आरंभ. आज त्या संग्रहात 70,000 हून अधिक पुस्तके आहेत. बहुतेक इंग्रजी आहेत, आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क संपलेली, म्हणजे जुनी आहेत. ती वाचायला खाते उघडावे लागत नाही.

संग्रह एवढा वाढला तो 2000 साली सुरू झालेल्या एका साध्या व्यवस्थेमुळे. पुस्तक एकदम कोणाच्या गळ्यात न घालता एकेक पान वाटून दिले जाते. एका बाजूला छापील पानाचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. स्वयंसेवक दोन्ही ताडून चुका दुरुस्त करतो आणि पान पुढच्या माणसाकडे जाते. जुन्या पुस्तकांचा खुला संग्रह असलेल्या मराठी विकिस्रोतावर हीच पद्धत आहे. तिथे पानाचा रंगच त्याची अवस्था सांगतो : मुद्रितशोधन व्हायचे असेल तर लाल, एकाने तपासले की पिवळा, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवा. एकच माणूस पान दोन्ही टप्प्यांतून पुढे नेऊ शकत नाही. जुन्या मराठी गद्याचे वाचन वाढवू पाहणाऱ्याला हे काम स्वतःच एक उत्तम अभ्यास ठरते, कारण ऱ्हस्व-दीर्घापासून विरामचिन्हांपर्यंत प्रत्येक अक्षर त्याला थांबून पाहावे लागते. नुसत्या वाचनात डोळा इतका कधीच थांबत नाही.

दुसरे मोठे भांडार इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर केल यांनी ते 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन केले. बंद पडलेल्या संकेतस्थळांच्या जुन्या प्रतींपासून ध्वनिमुद्रणांपर्यंत तिथे सर्व काही आहे. मराठी वाचकाला त्याचे विशेष महत्त्व आहे, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पाने स्कॅन केलेली असंख्य मराठी पुस्तके तिथे येऊन पोचली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची चरित्रे, प्रवासवर्णने, वैद्यकाची व शेतीची पुस्तके, मासिकांचे बांधीव अंक हे सगळे त्यांत आहे. अडचण शोधण्याची आहे. शीर्षके रोमन लिपीत आणि ज्याला जसे सुचले तशी नोंदवलेली आहेत. एकच पुस्तक शोधायला नावाची तीन-चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात. लेखकाचे आडनाव, नाही तर प्रकाशनाचे वर्ष घालून पाहावे लागते. पुस्तक सापडले तरी मधली पाने गहाळ असू शकतात. म्हणून उतरवून घेण्यापूर्वी अनुक्रमणिका आणि शेवटचे पान पाहून घ्यावे.

याच संस्थेच्या बाबतीत मोफत या शब्दाची मर्यादाही दिसून आली. हक्क न संपलेली पुस्तके स्कॅन करून ग्रंथालयासारखी वाचायला देण्याच्या तिच्या प्रथेविरुद्ध अमेरिकेतील चार मोठ्या प्रकाशकांनी 2020 मध्ये खटला भरला. 2023 मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला, 2024 मध्ये अपिलातही तोच कायम राहिला आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांसाठी बंद झाली.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सर्वांचे झाले. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी हे दोघेही 1919 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल प्रश्नच उरत नाही. हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते ती मात्र यात बसत नाही. ती चोरी आहे, आणि मराठीसारख्या लहान बाजारपेठेत हजार-दोन हजारांच्या आवृत्तीवर जगणाऱ्या लेखक-प्रकाशकाला ती फार जड जाते. लेखकाने स्वतःहून खुले केलेले साहित्य वेगळे. 2002 मध्ये आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांमुळे लेखकाला आपल्या मजकुराचे काय करू द्यायचे आणि काय नाही हे आधीच जाहीर करता येते. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर हा परवाना दिसला की निर्धास्तपणे छापून घ्यावे, मित्रालाही द्यावे.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाची ओपनस्टॅक्स ही पाठ्यपुस्तके अशाच परवान्याखाली 2012 पासून निघतात. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र असे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विषय त्यांत आहेत. रिचर्ड फाइनमन यांची भौतिकशास्त्रावरील तीन खंडांतील प्रसिद्ध व्याख्याने कॅलटेक या संस्थेने ऑनलाइन वाचनासाठी मोफत ठेवली आहेत. पण दहावीनंतर गणित सुटलेल्याने थेट त्यांना हात घालू नये. त्याच्यासाठी खरा ठेवा बालभारतीच्या संकेतस्थळावर आहे. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके तिथे पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. पन्नाशीत खगोलशास्त्र शिकू पाहणारी व्यक्ती बहुधा ताऱ्यांपाशी अडत नाही. ती घातांक, गुणोत्तर आणि त्रिकोणमितीपाशी अडते. नववी-दहावीचे गणित महिनाभर पुन्हा सोडवणे हा तिच्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

कोश

कोशांच्या बाबतीत मराठी वाचक बऱ्याच भाषिकांपेक्षा सुदैवी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सिद्ध केलेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने आंतरजालावर ठेवले आहेत. त्यांतले पहिले पाच प्रस्तावना खंड म्हणजे नुसत्या नोंदी नव्हेत. वेदविद्या, बुद्धपूर्व आणि बुद्धोत्तर जग, विज्ञानाचा इतिहास असे विषय त्यांत सलग ग्रंथासारखे मांडलेले आहेत. आज त्यांतली पुष्कळ माहिती मागे पडली आहे. तरीही शंभर वर्षांपूर्वी जगाचे ज्ञान मराठीत आणताना कोणते प्रश्न विचारले जात होते हे पाहण्यासाठी ते खंड वाचावेत.

मराठी विश्वकोश हा त्याहून कितीतरी अधिक वापराचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे हे काम सुरू झाले. पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि विसावा 2015 मध्ये. 2011 पासून खंड आंतरजालावर येऊ लागले. विश्वकोशाच्या नोंदीची घडण पाहण्यासारखी असते : आधी व्याख्या, मग इतिहास, मग तपशील, आणि शेवटी लेखकाचे नाव व संदर्भग्रंथ. नोंदीत इतर नोंदींकडे निर्देश असतात, त्यांचा माग घेतला की एका विषयातून दुसऱ्यात शिरता येते. परागण, भूकंप, नाणेशास्त्र, तर्कशास्त्र अशा विषयांवर सामान्य वाचकाला समजेल असे आणि तरीही शास्त्रशुद्ध मराठी गद्य इतक्या मोठ्या प्रमाणावर अन्यत्र नाही.

नोंद कोणत्या खंडातली आहे हे मात्र आधी पाहावे. आरंभीच्या खंडांतली लोकसंख्या, उद्योग किंवा देशांच्या सीमा आज बदललेल्या आहेत. 1976 च्या खंडात दिलेली अणुऊर्जेची स्थिती आजची समजून चालणार नाही. अणूच्या रचनेचे विवेचन मात्र अजूनही कामाचे आहे. अलीकडे विषयवार ज्ञानमंडळे नेमून नव्या नोंदी लिहवून घेतल्या जातात आणि त्या थेट संकेतस्थळावर येतात.

मराठी विकिपीडियाचा आरंभ 1 मे 2003 चा, महाराष्ट्र दिनाचा. इंग्रजी विकिपीडिया त्याआधी दोन वर्षे, 15 जानेवारी 2001 रोजी सुरू झाला होता. मराठीतल्या लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे, पण दर्जा फार असमान आहे. गावांवरचे अनेक लेख दोन-चार ओळींपलीकडे गेलेले नाहीत, तर काही किल्ले, नद्या आणि व्यक्ती यांवरचे लेख भरगच्च आहेत. लेखावर कितपत विसंबावे हे ठरवायला दोन गोष्टी हाताशी असतात. लेखाच्या माथ्यावर इतिहासाची कळ आहे. ती दाबली की कोणी, कधी, काय बदलले हे ओळीओळीने दिसते. शेजारी चर्चेचे पान असते. जिथे जात, धर्म, ऐतिहासिक पुरुष किंवा चालू राजकारण यांचा संबंध येतो तिथे लेखाआधी हे चर्चेचे पान वाचणारा माणूस अधिक शिकतो, कारण वाद नेमका कोणत्या पुराव्यावरून आहे ते त्याला कळते. आणि लेखाखाली संदर्भ नसतील तर तो लेख ऐकीव माहितीच्या पलीकडे धरू नये.

शब्दकोशांसाठी सर्वांत उपयोगी ठिकाण शिकागो विद्यापीठाचे आहे. दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांच्या त्यांच्या संग्रहात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शोधता येतात. शेती, जमीनमहसूल, नातीगोती, दागिने, हत्यारे यांचे जे शब्द आजच्या लहान कोशांत सापडत नाहीत ते तिथे अर्थ आणि म्हणींसह मिळतात. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना जुनी पत्रे किंवा घरातले दस्तऐवज लावायचे असतील तर हे दोन कोश प्रथम उघडावेत.

तत्त्वज्ञानासाठी एकच नाव पुरेसे आहे : स्टॅनफर्ड विद्यापीठाचा तत्त्वज्ञानकोश. 1995 पासून चालू असलेल्या या इंग्रजी कोशात प्रत्येक नोंद त्या विषयाच्या अभ्यासकाने लिहिलेली असते, ठरावीक काळाने सुधारली जाते, आणि जुन्या आवृत्त्याही जपून ठेवल्या जातात.

व्याख्याने आणि अभ्यासक्रम

दूरशिक्षणातून पैसा कसा उभा करता येईल याचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने प्राध्यापकांची एक समिती नेमली होती. समितीने उलटाच सल्ला दिला : आपले अभ्यासक्रम जगाला फुकट देऊन टाकावेत. 2001 च्या एप्रिलमध्ये तशी घोषणा झाली. ती ओपनकोर्सवेअर योजना 2002 मध्ये प्रायोगिक रूपात सुरू झाली आणि 2007 पर्यंत संस्थेचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम, सुमारे 1,800 विषय, आंतरजालावर आला. आता ही संख्या 2,500 च्या वर आहे. प्रवेश नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही, प्रमाणपत्रही नाही. व्याख्यानांच्या टिपा, स्वाध्याय, जुन्या प्रश्नपत्रिका आणि अनेक विषयांत त्यांची उत्तरे मांडून ठेवलेली आहेत. ज्याला हवे त्याने घ्यावे.

यांतली गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्याने जगभर पाहिली गेली. ते 2023 मध्ये निवृत्त झाले. त्यांचे पहिले व्याख्यान जवळून पाहण्यासारखे आहे. ते फळ्यावर शाळेतली दोन समीकरणे लिहितात : 2क्ष − य = 0 आणि −क्ष + 2य = 3. प्रथम ते प्रत्येक समीकरणाची रेषा काढतात. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू (1, 2), म्हणजे क्ष 1 आणि य 2. इथपर्यंत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही नवे काही नाही. मग ते तीच समीकरणे उभ्या स्तंभांत वाचतात. क्ष चे सहगुणक वरून खाली 2 आणि −1. य चे −1 आणि 2. उजवीकडे 0 आणि 3. प्रश्न आता असा होतो : पहिला स्तंभ किती वेळा आणि दुसरा किती वेळा घेतला म्हणजे तिसरा तयार होईल? पहिला एकदा, दुसरा दोनदा : 2 − 2 = 0 आणि −1 + 4 = 3. उत्तर तेच आले, पण चित्र बदलले. आता रेषा छेदत नाहीत, स्तंभ दाखवणारे बाण एकापुढे एक जोडले जातात. लगेच नवा प्रश्न उभा राहतो : हे दोन बाण कमी-अधिक घेऊन प्रतलातल्या प्रत्येक बिंदूपर्यंत पोचता येईल का? दोन्ही बाण एकाच दिशेचे असतील तर काय? पुढचा सगळा विषय या प्रश्नातून उलगडत जातो.

हे व्याख्यान नुसते पाहणाऱ्याला सगळे कळल्यासारखे वाटते. वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला मात्र उजव्या बाजूचा 3 बदलून 5 केला तर काय होते हे करून पाहावेसे वाटते, आणि तिथे त्याचे शिकणे सुरू होते. ओपनकोर्सवेअरचे खरे मोल चित्रफितींपेक्षा सोबतच्या स्वाध्यायांत आहे, आणि नेमकी तीच पाने बहुतेक लोक उघडत नाहीत.

2011 मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा 1,60,000 हून अधिक लोकांनी नावे नोंदवली. पुढच्याच वर्षी अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा ही कंपनी काढली, तर एमआयटी आणि हार्वर्ड यांनी मिळून एडएक्स ही ना-नफा संस्था. ठरलेल्या तारखा, छोट्या चित्रफिती, मधे मधे प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्र अशी त्यांची बांधणी होती. आरंभी जवळजवळ सगळे मोफत होते. पुढे प्रमाणपत्राला पैसे, मग तपासून मिळणाऱ्या स्वाध्यायांना पैसे, मग ठरावीक मुदतीनंतर चित्रफितीही बंद असे दार लोटत गेले. एडएक्स 2021 मध्ये 80 कोटी डॉलरना एका कंपनीला विकली गेली आणि 2024 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. दोन-चार महिन्यांत पुरा होणारा एखादा विषय इथे जरूर शिकावा, पण वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा पाया अशा ठिकाणी घालू नये.

भारतातली व्यवस्था सरकारी अनुदानावर उभी आहे आणि म्हणून अधिक भरवशाची आहे. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास आणि रूरकी या सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये एनपीटीईएल हा कार्यक्रम सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालयांत चांगल्या शिक्षकांची वाण होती, ती चित्रित व्याख्यानांनी भरून काढावी हा मूळ हेतू. 2014 पासून तिथे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम चालतात. नाव नोंदवणे, व्याख्याने आणि साप्ताहिक स्वाध्याय फुकट. प्रमाणपत्र हवे असेल त्यानेच परीक्षेचे शुल्क भरायचे आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. गुणांत स्वाध्यायांचा वाटा 25 टक्के आणि परीक्षेचा 75 टक्के असतो. अभियांत्रिकीखेरीज भाषाशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, शेती असे विषयही आता आहेत. 9 जुलै 2017 रोजी सुरू झालेल्या स्वयम या राष्ट्रीय मंचावर हेच अभ्यासक्रम आणि इतर संस्थांचेही मिळतात. पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयमवरून मिळवू देण्याची तरतूद 2021 च्या नियमांत आहे.

अडचण भाषेची. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. निवडक अभ्यासक्रमांचे मजकूर मराठीसह इतर भारतीय भाषांत आणले गेले आहेत, पण मराठीत मुळातून विचार करून दिलेली विद्यापीठीय व्याख्याने फार थोडी आहेत. ही उणीव खरी आहे आणि भाषांतराने ती पुरती भरून निघणार नाही. तोपर्यंत विषयाची तोंडओळख विश्वकोशातून मराठीत करून घ्यावी आणि मग इंग्रजी व्याख्यानाकडे वळावे. संकल्पना आधी आपल्या भाषेत पक्की झालेली असली की परक्या भाषेचा अडथळा पुष्कळ कमी होतो.

हाताने करून पाहण्यासाठी

भाषेची हीच अडचण ओळखून आयआयटी मुंबईत कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, साधारण दहा मिनिटांच्या या चित्रफितींत निवेदन मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये ऐकता येते. पडद्यावरची कामे मात्र इंग्रजीतच दिसतात. हे जाणूनबुजून केले आहे. नोकरीत किंवा दुकानात संगणकाचा पडदा इंग्रजीच असणार, तेव्हा त्याची सवय व्हावी, आणि समजूत मात्र आपल्या भाषेत पटावी. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडायचे. निवेदक एक कृती सांगतो, चित्रफीत थांबवून ती आपण करायची, जमली की पुढे जायचे. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये घरखर्चाचा तक्ता करायला शिकणारा माणूस धडा संपेपर्यंत स्वतःचा तक्ता तयार करून बसलेला असतो. शिक्षक नसलेल्या खेड्यात एकट्याने शिकणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून हे धडे रचलेले आहेत. प्रौढांनी स्वतःच्या हिमतीवर शिकण्यासाठी याहून नेटकी रचना भारतीय भाषांत क्वचितच झाली असेल.

अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ हा दुसरा अमोल ठेवा. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता अनेक वर्षे पुण्यात आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करत होते. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून करायच्या शेकडो खेळण्यांच्या कृती आणि मराठी, हिंदी, इंग्रजीतील हजारो पुस्तके त्यांनी तिथे ठेवली आहेत. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा त्यांचा खेळ प्रसिद्ध आहे. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, काडीचे गुल खरवडून टाकायचे आणि नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचायची. तीन काड्या व तीन नळ्यांचा त्रिकोण झाला की तो दाबून पाहावा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोटाच्या धक्क्याने तिरका होतो. कर्ण टाकला की चौरस जागच्या जागी बसतो. कर्ण काडीपेक्षा लांब असतो, म्हणून त्यासाठी दोन काड्या जोडाव्या लागतात, आणि किती लांब हे शोधताना पायथागोरसचा सिद्धांत आपोआप पुढे येतो. छपराच्या कैच्या आणि रेल्वेच्या पुलांचे सांगाडे त्रिकोणांचे का असतात हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

पडद्यावरचे प्रयोग हवे असतील तर कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा संग्रह आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाल्यावर पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, कार्ल वीमन यांनी तो सुरू केला. विजेचे मंडल जोडणे, लंबकाची लांबी बदलून आंदोलने मोजणे, आम्लात पाणी घालून पीएच पाहणे असे प्रयोग त्यात करता येतात आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत.

खान अकादमीचा उगम घरगुती होता. सलमान खान 2004 मध्ये दूरच्या शहरात राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, फोनवरून गणित शिकवू लागले. मागणी वाढली तेव्हा 2006 मध्ये धडे यूट्यूबवर आले आणि 2008 मध्ये ना-नफा संस्था स्थापन झाली. तिथल्या चित्रफितींची नक्कल पुष्कळांनी केली. पण एका घटकावर पकड आल्याशिवाय पुढे ढकलत नाही अशी जी उदाहरणांची मालिका तिथे आहे, तिची बरोबरी थोड्यांनाच साधली.

सराव, सोबत आणि पारख

मोफत अभ्यासक्रमांची मोठी दुखणी दोन : लोक सुरुवात करून सोडतात, आणि पाहिलेले विसरतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या 2012 ते 2018 या काळातल्या अभ्यासक्रमांची पाहणी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पुढे तो अभ्यासक्रम उघडलाच नाही, आणि 2017-18 मध्ये तो पुरा करणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. नुसत्या कुतूहलाने डोकावून जाणारे यातून वगळले तरी आकडा लहानच राहतो. सोडणाऱ्यांना आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. नोकरी, घर, प्रवास सांभाळून शिकणाऱ्याच्या वेळापत्रकात पहिला बळी अभ्यासाचाच जातो, आणि विचारणारे कोणी नसते. म्हणून एका वेळी एकच विषय घ्यावा आणि सोबतीला एक तरी माणूस शोधावा. गावातल्या वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून एकदा भेटून चार जणांनी एनपीटीईएलचे एकच व्याख्यान एकत्र अभ्यासले, तर अभ्यास टिकण्याची शक्यता एकट्यापेक्षा पुष्कळ अधिक असते.

विसरण्यावरचा उपाय प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले : लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवले, दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के. तेव्हा व्याख्यान संपल्यावर ते पुन्हा पाहण्याऐवजी कोऱ्या कागदावर काय उमगले ते मांडावे. शब्दसंग्रह, सनावळ्या, वनस्पतींची नावे अशा पाठांतराच्या गोष्टींसाठी अँकी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते प्रत्येक प्रश्न वाढत्या अंतराने पुन्हा विचारते. उत्तर चुकले की अंतर कमी होते.

अलीकडे प्रश्नांना उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायकही काही मर्यादेपर्यंत फुकट वापरता येतात. अडलेली पायरी समजून घेण्यासाठी किंवा स्वतःचीच चाचणी घेण्यासाठी ते कामाचे आहेत. पण चुकीची सनावळी आणि नसलेली पुस्तके ते बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे सांगतात. त्यांनी दिलेले नाव, वर्ष किंवा अवतरण कोशात पाहिल्याखेरीज वहीत उतरवू नये.

जिथे जाळे धड मिळत नाही तिथेही यातले बरेच काही नेता येते. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने आख्खा विकिपीडिया एका फाइलीत उतरवून घेता येतो; मराठीची फाइल इंग्रजीच्या मानाने फारच लहान असल्याने साध्या मोबाइलवरही मावते. फेटचे प्रयोग आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडेही उतरवून पेन ड्राइव्हवर देता येतात.

अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी 2012 च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात स्वतंत्र सवलत आली. पुस्तकाची त्यांना वाचता येईल अशी प्रत हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता येते. 2016 मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशा प्रती अनेक भारतीय भाषांत आहेत. सभासद होण्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. हवे ते पुस्तक संग्रहात नसेल तर सहभागी संस्थेकडे मागणी नोंदवावी.